बीड रोडवरचा ट्रक आणि वैमानिकाचा परवाना

जालना जिल्ह्याला आजही स्वतःची प्रवासी विमानसेवा नाही. बियाणे कंपन्यांचे अधिकारी असोत, सळईचे कारखानदार असोत किंवा परदेशी शिकायला निघालेली पोरे, जालन्याच्या माणसाचे विमान औरंगाबादच्या चिकलठाणा विमानतळावरून सुटते. १ मे १९८१ रोजी वेगळा जिल्हा होईपर्यंत जालना औरंगाबादचाच (आजच्या छत्रपती संभाजीनगरचा) भाग होता, आणि विमानाच्या बाबतीत तो अजूनही तसाच आहे. त्यामुळे मराठवाड्याच्या विमान-इतिहासातला सर्वांत काळा दिवस जालन्याच्याही इतिहासात मोडतो. २६ एप्रिल १९९३ रोजी इंडियन एअरलाइन्सचे ४९१ क्रमांकाचे बोइंग ७३७ दिल्लीहून जयपूर, उदयपूर करत चिकलठाण्याला आले आणि भर दुपारी मुंबईकडे निघाले. विमानात ११८ माणसे होती. धावपट्टी संपत आली तेव्हा कुठे विमान जमिनीवरून सुटले, आणि टोकापलीकडच्या बीड रोडवरून कापसाच्या दाबलेल्या गाठी घेऊन चाललेल्या ट्रकवर आदळले. तिथून ते उच्चदाबाच्या विजेच्या तारांत गेले आणि धावपट्टीपासून सुमारे ३ किलोमीटरवर ईशान्येला कोसळले. ५५ जण गेले, ६३ वाचले. या अपघाताच्या चौकशीने दोन कारणे नोंदवली. भारतीय वैमानिकांची नियामकाविषयीची जी जुनी तक्रार आहे, ती या दोन कारणांचे पुढे काय झाले हे पाहिल्यावर नीट समजते. तक्रार थोडक्यात अशी: नियम सगळ्यांसाठी लिहिलेले असतात, पण अंमलबजावणी मात्र ज्याच्या खिशात परवाना आहे त्याच्यावरच होते. ही तक्रार बहुतांशी खरी आहे, असे माझे मत आहे. आणि ती खरी असण्याचा तोटा वैमानिकापेक्षा त्याच्या मागे बसलेल्या प्रवाशाला जास्त होतो.

आधी त्या धडकेकडे जवळून पाहू. ट्रक उत्तरेकडून दक्षिणेकडे, म्हणजे जालना रोडच्या बाजूने बीडच्या दिशेला चालला होता. विमानाचे डावे मुख्य चाक, डाव्या इंजिनाचे खालचे आवरण आणि त्याच इंजिनाचा उलट जोर देणारा भाग ट्रकच्या डाव्या अंगाला लागला. कुठल्या उंचीवर, तर रस्त्यापासून सुमारे ७ फुटांवर. ट्रकच्या फळ्यांच्या वर रचलेला माल ज्या उंचीला असतो, ती ही उंची. प्रेसमध्ये दाबून पट्ट्यांनी आवळलेली रुईची एक गाठ साधारण १७० किलो भरते. अशा गाठी थरावर थर लावल्या की मऊ कापसाची घट्ट भिंत होते आणि ती भिंत चाकांवर चालते. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन, बदनापूर या कापसाच्या पट्ट्यातल्या माणसाला असा ट्रक ओळखीचा असतो. जिनिंग-प्रेसिंगमधून निघालेला, मागून पाहिला तर चालतेबोलते घर वाटावे असा. हंगाम असो की हंगामाचे शेपूट, हे ट्रक त्या रस्त्यावर असणारच, हे विमानतळाच्या कुंपणाबाहेर प्रत्येकाला माहीत होते. एप्रिलच्या दुपारी मराठवाड्यातली हवा तापून विरळ होते, भरलेले विमान उचलायला जास्त लांब धाव लागते, हेही विमानशास्त्राच्या पहिल्या धड्यातले ज्ञान आहे. म्हणजे तापलेली हवा, भरलेले विमान आणि उंच ट्रक या तिन्ही गोष्टी अचानक उद्भवलेल्या नव्हत्या. त्या एकाच क्षणी एका जागी आल्या, एवढाच काय तो योगायोग. आणि असे योगायोग घडू नयेत यासाठीच तर नियामक असतो.

चौकशीने दिलेले पहिले कारण वैमानिकांची चूक. विमानाचे नाक उशिरा उचलले आणि उचलण्याची पद्धतही चुकली. दुसरे कारण राष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणाचे: उड्डाणाच्या वेळात बीड रोडवरची वाहतूक नियंत्रित करण्यात प्राधिकरण अपयशी ठरले. दोन्ही कारणे खरी मानायला हरकत नाही, ७ फुटांचा तो आकडाच दोघांची साक्ष देतो. विमान वेळेवर आणि नीट उचलले असते तर ट्रक खालून निघून गेला असता. ट्रक अडवलेला असता तर चूक करूनही विमान कदाचित वरून गेले असते. पण दोन कारणांचे वजन सारखे असले तरी त्यांचा पाठलाग सारखा होऊ शकत नव्हता. पहिल्या कारणाला नाव होते, चेहरा होता, सरकारी नोंदवहीत क्रमांक असलेला परवाना होता. दुसऱ्या कारणाला यातले काहीच नव्हते. १९८६ साली स्थापन झालेले ते प्राधिकरण १ एप्रिल १९९५ रोजी आंतरराष्ट्रीय विमानतळ प्राधिकरणात विलीन झाले आणि त्यातून आजचे भारतीय विमानतळ प्राधिकरण उभे राहिले. अपघाताला दोन वर्षे पूर्ण होण्याआधीच, अहवालात जिच्यावर ठपका ठेवला होता ती संस्था त्या नावाने उरली नाही. यात कोणाचा डाव होता असे मी म्हणत नाही, ते विलीनीकरण वेगळ्या कारणांसाठी झाले. पण संस्थेचे असे होऊ शकते आणि परवान्याचे होऊ शकत नाही, हा फरक उरतोच. विमान सरकारी कंपनीचे, धावपट्टी सरकारी प्राधिकरणाची, रस्ता सरकारचा, नियामकही सरकारचाच. वैमानिकही त्याच कंपनीचा नोकर, पण त्याचा परवाना मात्र एकट्याच्या नावावर. अशा रचनेत बोट कुठे थांबेल ते आधीच ठरलेले असते.

ही रचना १९९३ सालची नाही. तिची मुळे आपल्या विमान कायद्याच्या जन्मातच आहेत. १८ फेब्रुवारी १९११ रोजी अलाहाबादहून नैनीपर्यंत विमानाने टपाल गेले, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने भारतासाठी हवाई जहाजांचा कायदा केला. त्या वेळी देशात विमाने बोटांवर मोजण्याइतकी होती. जालना तर निजामाच्या मुलखात होते आणि तिथवर ब्रिटिश हिंदचा असा कायदा आपोआप पोचतही नव्हता. १९४८ च्या सप्टेंबरातल्या पोलीस कारवाईनंतर हा प्रदेश भारतात आला, तेव्हा बाकी गोष्टींबरोबर विमानाचा तयार कायदाही आला. मधल्या काळात १९२७ साली नागरी विमान वाहतुकीचे खाते निघाले होते, १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटांना देशातला पहिल्या क्रमांकाचा वैमानिक परवाना मिळाला होता, १९३४ चा विमान अधिनियम आणि १९३७ चे विमान नियम झाले होते. हे सगळे अशा काळात लिहिले गेले की विमान म्हणजे एक यंत्र आणि एक माणूस. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणले ते एकट्याने. हवामान पाहणारे, वाट शोधणारे, इंधन मोजणारे, विमान चालवणारे सगळे तेच. अशा उड्डाणाला नियमाखाली आणायचे तर माणसाचा परवाना हाच हाताला लागणारा कान होता, आणि तो धरणे रास्तही होते. पुढे विमान बदलले. त्याच्या एका उड्डाणात डझनावारी खाती, कंत्राटदार आणि कारकून गुंतले. कान धरणारा हात मात्र जुन्याच जागी राहिला.

इथे कोणी म्हणेल की कायद्याने बाकीच्यांनाही बांधलेले आहे. बांधलेले आहे, आणि तोच माझा पुरावा आहे. १९३४ च्या अधिनियमात पुढे घातलेल्या कलम ९-अ ने केंद्र सरकारला विमानतळाभोवती २० किलोमीटरपर्यंत इमारती आणि झाडे यांच्यावर बंदी घालण्याचा, असलेली उतरवण्याचा अधिकार दिला. उभ्या भिंतीचा विचार झाला होता, चालत्या भिंतीचा नव्हता. अमेरिकेच्या विमान नियमांत याच प्रश्नाचे साधे, गवंडीकामासारखे उत्तर आहे: धावपट्टीजवळून सार्वजनिक रस्ता जात असेल तर तो १५ फूट उंच धरायचा, मोठा महामार्ग असेल तर १७ फूट, रेल्वे असेल तर २३ फूट. म्हणजे रस्त्यावर त्या क्षणी ट्रक आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही, कागदावर तो कायम उभा असतो आणि हिशेब त्याला धरूनच होतो. चिकलठाण्याजवळून जाणाऱ्या मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरही गाडी यायच्या आधी फाटक पडते, गाडीच्या ड्रायव्हरने बैलगाडीचा अंदाज घ्यावा अशी अपेक्षा कोणी करत नाही. त्याच पंचक्रोशीत विमानासाठी मात्र तशी खबरदारी घेतली गेली नाही, हे चौकशीच्या दुसऱ्या कारणाचे सरळ मराठी आहे.

दुसरा पुरावाही त्याच विमानतळाच्या परिसरातला. १९३७ च्या विमान नियमांतला ९१ वा नियम सांगतो की विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून १० किलोमीटरच्या आत जनावरे कापू नयेत, सोलू नयेत, पक्षी येतील असा कचरा टाकू नये. घार किंवा गिधाड इंजिनात गेले तर काय होते हे वेगळे सांगायला नको. चिकलठाण्यापासून या अंतराच्या कितीतरी आत नारेगाव आहे, आणि औरंगाबाद शहराचा सगळा कचरा कित्येक वर्षे नारेगावच्या डेपोवर पडत होता. नियम होता, तो मोडला जात होता आणि मोडणारा कोण हे रोज गाड्यांवर लिहून येत होते, कारण गाड्या महापालिकेच्या होत्या. तो डेपो शेवटी कोणामुळे बंद पडला? २०१८ च्या फेब्रुवारीत आसपासच्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडवल्या, महिनाभर शहर कचऱ्याने तुंबले, आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने तिथे कचरा टाकायला मनाई केली. दुर्गंधी, दूषित पाणी आणि माश्या यांनी पिचलेल्या शेतकऱ्यांनी हे आपल्या जिवासाठी केले, आणि ९१ वा नियम त्याच्यासोबत आपसूक पाळला गेला. इतकी वर्षे या धावपट्टीवर उतरणारा प्रत्येक वैमानिक मात्र पक्ष्यांवर नजर ठेवायला बांधलेला होता, आणि पक्षी धडकला तर अहवाल लिहायलाही.

परवाना असलेल्यालाच धरायचे, ही सवय एकट्या विमान खात्याची नाही. जालन्याला ती दुसऱ्या धंद्यात चांगली ठाऊक आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात महिको सुरू केली, तेव्हापासून हे शहर बियाण्यांची पेठ झाले. दोनच वर्षांनी, १९६६ साली बियाणे अधिनियम आला आणि १९८३ च्या नियंत्रण आदेशाने विक्रेत्याला परवाना सक्तीचा झाला. बियाणे तयार होते कंपनीच्या प्लॉटवर, त्याची प्रतवारी होते कारखान्यात, दाखला देते यंत्रणा, आणि दुकानदार सीलबंद पिशवी विकतो. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीन ठिकठिकाणी उगवलेच नाही. शेतकऱ्यांचे नुकसान खरे होते, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून त्याची दखल घेतली. त्या धावपळीत कारवाईचा बडगा कृषी सेवा केंद्रांवरही आला, आणि विक्रेत्यांनी दुकाने बंद ठेवून विचारले की जी पिशवी आम्ही फोडतच नाही तिच्या आतल्या दाण्याला आम्ही जबाबदार कसे. या प्रश्नात त्यांचा स्वार्थ होता, तरीही प्रश्न बरोबर होता. निरीक्षकाला गावातल्या दुकानापर्यंत पोचायला अर्धा तास लागतो, बियाण्याचा दोष नेमका कुठे शिरला ते शोधायला प्रयोगशाळा, कागदपत्रे आणि वर्ष लागते. ज्याच्यावर कारवाई सोपी, त्याच्यावर ती आधी होते, आणि झाल्यावर फाइल पुढे ढकलायची निकड संपते.

आता या म्हणण्यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप घेऊ. विमानाचा कप्तान हा शेवटचा माणूस आहे. १९३७ च्या नियमांनीच विमानाच्या सुरक्षिततेची जबाबदारी त्याच्यावर टाकली आहे, त्याचा पगार आणि मान त्या जबाबदारीसाठीच आहे. चिकलठाण्यात नाक उशिरा उचलले ते ट्रकने नव्हे. मग त्याला आधी धरले तर अन्याय कसा? हा आक्षेप अर्धा मान्य करावाच लागतो. चूक ही चूक आहे, आणि जिथे शेकडो जीव एका हातात असतात तिथे त्या हाताची तपासणी कठोरच हवी. पण शेवटचा माणूस आधी सापडतो म्हणून शोध तिथेच थांबवायचा का, हा खरा मुद्दा आहे. ७ ऑगस्ट २०२० चा कोझिकोडचा अपघात पाहा. कप्तान दीपक साठे, हवाई दलात नाव कमावलेले मराठी वैमानिक, त्यांच्यासह २१ जण गेले. पावसात विमान धावपट्टीवर फार पुढे टेकले आणि टेकडीच्या काठावरून खाली गेले. अपघात तपास विभागाच्या अहवालाने संभाव्य कारण म्हणून ठरलेली कार्यपद्धती न पाळल्याचे म्हटले. पण त्याच अहवालात हेही आहे की दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणाला कोझिकोडमध्ये पुरेसे कप्तान नव्हते, कंपनीच्या मनुष्यबळ धोरणात दोष होता, आणि तिथेच उतरण्याच्या निर्णयामागे हा दबाव होता. काचेवरचा वायपरही ऐन वेळी चालला नव्हता. हा अहवाल कप्तानाला निर्दोष ठरवत नाही, आणि तरीही त्याच्या खुर्चीशी थांबत नाही. १९९३ च्या मानाने ही प्रगती आहे आणि तिचे श्रेय द्यायला हवे. २०१२ साली अपघातांच्या तपासासाठी वेगळा विभाग निघाला, त्याचे हे फळ. पण अहवालात लिहिलेला दोष आणि अंमलबजावणीत पकडलेला दोष यांच्यात अजून बरेच अंतर आहे, आणि वैमानिकांचा सगळा राग त्या अंतरावर आहे.

दुसरा आक्षेप वैमानिकांच्या हेतूविषयी घेतला जातो. हा गलेलठ्ठ पगाराचा, संघटित वर्ग आहे, त्याला कोणतीच तपासणी नको असते, आणि संप हे त्याचे हत्यार आहे. १९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांनी संप केला, सरकारने उझबेकिस्तानातून वैमानिकांसकट विमाने भाड्याने आणली, आणि त्यातले एक ९ जानेवारी १९९३ रोजी दिल्लीच्या धुक्यात उतरताना उलटले. सुदैवाने सगळे वाचले. नागरी विमान वाहतूक मंत्री माधवराव शिंदे यांनी नैतिक जबाबदारी घेऊन राजीनामा दिला. पुढे २०११ साली बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेले वैमानिक उघडकीला आले, अटका झाल्या. या गोष्टी वैमानिकांच्या बाजूने बोलणाऱ्याने लपवू नयेत. परंतु २०११ च्या त्या प्रकरणात अडकलेल्यांत नियामकाच्या कार्यालयातली माणसेही होती. खोटा कागद देणारा आणि खोटा कागद स्वीकारणारा अशा दोघांशिवाय तसा परवाना निघतच नाही. आणि वैमानिकांना तपासणीच नको, हे म्हणणे नोंदीशी जुळत नाही. उड्डाणाआधीच्या श्वासचाचणीत पहिल्यांदा दारू आढळली तर तीन महिने, दुसऱ्यांदा तीन वर्षे परवाना निलंबित, तिसऱ्यांदा तो रद्द, हा नियम ते रोज पाळतात. त्यांनी न्यायालयात धाव घेतली ती अधिक कडक नियमांसाठी.

ते प्रकरण विश्रांतीचे. २०२४ च्या जानेवारीत डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय या नियामकाने, वैमानिकांच्या ड्युटीचे नवे नियम जाहीर केले. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्र म्हणजे १२ ते ५ ऐवजी १२ ते ६, आणि रात्रीच्या ड्युटीत ६ ऐवजी २ वेळाच विमान उतरवायचे. झोपेचे शास्त्र पाहता हे शहाणपणाचे नियम होते. जून २०२४ मध्ये लागू व्हायचे ते पुढे ढकलले गेले, दिल्ली उच्च न्यायालयात वैमानिक संघटनांनी पाठपुरावा केल्यावर जुलै आणि नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत आले. मग २०२५ च्या डिसेंबरात देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, कारण तिने पुरेसे वैमानिक जमवलेच नव्हते. जवळपास दोन वर्षांची पूर्वसूचना मिळूनही. विमानतळांवर लोक सामान घेऊन जमिनीवर झोपले, आणि नियामकाने त्या कंपनीला रात्रीच्या ड्युटीच्या नियमातून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. कारणे दाखवा नोटिसा निघाल्या, काही निरीक्षकांवर कारवाई झाली, हे खरे. अडकलेल्या प्रवाशांची सोय पाहणे सरकारला भाग होते, हेही खरे. पण इथे तुलना टाळता येत नाही. एका वैमानिकाने नियोजन चुकले म्हणून विश्रांतीच्या नियमातून दोन महिन्यांची सूट मागितली असती, तर त्याला ती मिळाली असती का? याच्या उलट उदाहरण २०२२ च्या नोव्हेंबरातले. न्यूयॉर्क-दिल्ली विमानात दारू प्यायलेल्या एका प्रवाशाने सहप्रवासी वृद्धेवर लघुशंका केली. घृणास्पद प्रकार. कंपनीला ३० लाखांचा दंड झाला, तिच्या एका अधिकाऱ्याला ३ लाखांचा, आणि कॉकपिटमध्ये बसलेल्या कप्तानाचा परवाना तीन महिन्यांसाठी निलंबित झाला. कंपनीच्या ताळेबंदात ३० लाख दिसतही नाहीत. वैमानिकाच्या कारकिर्दीत तीन महिन्यांचे निलंबन कायमचे दिसते.

यातून प्रवाशाचे नुकसान कसे होते, ते अमेरिकेतल्या एका जुन्या अपघाताने दाखवून दिले. १ डिसेंबर १९७४ रोजी ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचे विमान वॉशिंग्टनजवळ उतरताना एका डोंगरकड्यावर आदळले, ९२ जण गेले. नकाशावरच्या आणि नियंत्रकाच्या शब्दांतल्या संदिग्धतेमुळे विमान फार लवकर खाली आले होते. नंतर कळले की सहा आठवडे आधी दुसऱ्या कंपनीचे विमान त्याच कड्यावर आदळता आदळता वाचले होते, पण ती माहिती त्या कंपनीच्या आतच राहिली. त्यातून १९७६ साली अमेरिकेने वैमानिकांच्या गोपनीय कबुलीसाठी एक योजना आखली आणि ती मुद्दाम नियामकाच्या हाती न देता नासाकडे सोपवली, कारण नासाला कोणाचाही परवाना काढून घेण्याचा अधिकार नाही. अमेरिकेतही वैमानिकांचे नियामकाशी खटके उडतातच, २०१२ साली त्यांच्या हक्कांसाठी वेगळा कायदा करावा लागला. पण ती मांडणी मूळ दुखण्यावर बोट ठेवते. ज्याला सांगायचे तोच शिक्षा करणार असेल तर माणूस सांगत नाही. चिकलठाण्याच्या बीड रोडवर २६ एप्रिलच्या आधी किती विमाने कुठल्या ट्रकच्या किती वरून गेली असतील, याची दखल घेणारी अशी एखादी वही असती, तर तिच्यात तो रस्ता नक्की सापडला असता. आंतरराष्ट्रीय नियमांचे तेरावे परिशिष्ट तर स्वच्छ सांगते की अपघाताच्या तपासाचा एकमेव हेतू पुढचा अपघात टाळणे हा आहे, दोष वाटणे नव्हे. भारताने ते स्वीकारलेले आहे.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा. कायदा सुधारतो आहे, वेळ द्या. २०२० च्या दुरुस्तीने डीजीसीएला प्रथमच कायद्यात स्थान मिळाले आणि दंडाची कमाल मर्यादा १० लाखांवरून १ कोटीवर गेली. त्याआधी कंपनीला नुसता इशारा देणे आणि तिचा परवानाच थांबवणे, यांच्यामध्ये नियामकाच्या हाती फारसे काही नव्हते. १९३४ चा अधिनियम जाऊन १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला. ही पावले बरोबर दिशेची आहेत. पण महासंचालनालय मंत्रालयाखाली, अपघात तपास विभाग त्याच मंत्रालयाखाली, विमानतळ प्राधिकरणही त्याचेच, आणि आदेशाविरुद्ध अपील करायचे ते सरकारनेच नेमलेल्या अधिकाऱ्यांपुढे, ही जुनी मांडणी नव्या कायद्यातही तशीच आहे. रेल्वेत निदान सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाच्या बाहेर ठेवला आहे, तो गंमत म्हणजे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली असतो. रेल्वेसाठी जे तत्त्व या देशाने मान्य केले, ते विमानाला लावायला नवा शोध लावावा लागणार नाही. तपास विभाग मंत्रालयाच्या बाहेर काढावा. प्रत्येक अहवालातल्या प्रत्येक शिफारशीपुढे ती कोणी, कोणत्या तारखेपर्यंत अमलात आणायची ते लिहावे, आणि ती यादी लोकांना दिसेल अशी ठेवावी. आज चिकलठाण्याची धावपट्टी ९,३०० फुटांची आहे, आणि ती आणखी वाढवण्यासाठी जमीन घेण्याची चर्चा चालू आहे. त्या कागदांत धावपट्टीच्या टोकाशी येणारा प्रत्येक रस्ता किती फूट उंच धरला आहे आणि त्याच्या वाहतुकीला कोण जबाबदार आहे, हे त्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह लिहिलेले असावे, अशी मागणी जालना आणि संभाजीनगरच्या लोकप्रतिनिधींनी धावपट्टी वाढवण्याआधीच करायला हवी.